शिरडच्या पाटलांना घातलेला हार

हिंगोलीत जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणारा म्हणून ज्यांचं नाव झालं ते माझे दाजी, आणि तो हार मी घातला होता. एवढं एक वाक्य बोलायला मला सात वर्षं लागली, म्हणून ते आधी लिहून टाकतो. पुढे दाजींविषयी मी बरंच हसत लिहिणार आहे. ज्याच्यामुळे एखाद्याचा धंदा बसला त्यानं त्याच्यावर हसावं का, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडला, तर तो मला आधीच पडलेला आहे एवढं ध्यानात असू द्यावं.

दाजी म्हणजे अक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे, यजमान. औंढ्यापासून कळमनुरीपर्यंत त्यांच्यासारखा फोटो काढणारा झाला नाही, आणि दारात आलेलं गिऱ्हाईक त्यांच्यासारखं परत पाठवणाराही झाला नाही. तरुणपणी ते हैदराबादेत एका फोटोग्राफरच्या हाताखाली चार वर्षं राहिले आणि परत आले ते एक सागवानी कॅमेरा, तीन पायांची लाकडी घोडी, एक काळं फडकं आणि ‘रोशनी’ हा शब्द घेऊन. कॅमेऱ्याला बाजाच्या पेटीसारखा भाता होता, पुढे पितळी नळकांडं आणि नळकांड्यावर टोपी. दाजी फडक्यात डोकं घालायचे, बाहेर यायचे, फोटो उमटायची काच बसवायचे, टोपी काढायचे, मोठ्यानं आठ आकडे मोजायचे आणि टोपी परत लावायचे. त्या आठ आकड्यांत जगात काहीही घडलं तरी त्यांचं मोजणं थांबत नसे. एकदा सहाव्या आकड्याला समोरच्या शेठजींच्या खुर्चीचा पाय मोडला. शेठजी खाली गेले, दाजी सात, आठ म्हणाले, टोपी लावली आणि मग त्यांना उठवायला धावले. तो फोटो मी पाहिला आहे. त्यात पाठीमागच्या पडद्यावरची बाग अगदी स्वच्छ आहे, तळं आहे, पायऱ्या आहेत, आणि शेठजी धुरासारखे आहेत. पडदा वाशीमच्या एका पेंटरनं रंगवलेला होता. तळ्यात हंस हवा असं दाजींनी सांगितलं होतं. पेंटरनं हंस कधी पाहिला नव्हता, म्हणून त्यानं बदकाच्या अंगाला बगळ्याची मान लावली आणि डोळा मात्र माणसाचा काढला. फोटोला बसलेल्या माणसापेक्षा तो हंसच जास्त जिवंत दिसायचा.

माणूस भेटला की आपण ख्यालीखुशाली विचारतो. दाजी आधी उजेड कुठून येतो ते पाहायचे. लग्नात ते नवरदेवाची हनुवटी दोन बोटांनी धरून खिडकीकडे वळवत, आणि हे त्यांना कुणी बोलावलेलं नसतानाही. पंगतीत बसलेल्या पाहुण्याला उठवून दुसऱ्या पाटावर बसवत, कारण पहिल्या पाटावर नाकाची सावली ओठावर पडत होती. अक्का म्हणायची, “बोहल्यावर ह्यांनी मला पाहिलंच न्हाई. अंतरपाट निघाला तवा रोशनी कुठून येऊन राहिली ते पाहत व्हते.” एकदा जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ते मिरच्या घ्यायला गेले. भाव ठरला, माप भरलं, आणि मिरच्या पदरात घ्यायच्या सोडून दाजी त्या म्हातारीला म्हणाले, बाई, जरा पूर्वेकडं तोंड करा. म्हातारीनं मापाचा शेर खाली ठेवला. “काहून रे बाबा,” ती म्हणाली, “तू मिरची घेऊन राहिला का मला?” सगळा बाजार हसला. दाजीही हसले, पण त्यांनी तिला पूर्वेकडे वळवलीच. आणि मग तिच्या सुरकुत्यांकडे असे पाहत राहिले की ती पोराबाळांची म्हातारी लाजून मिरच्या दोनदा मोजू लागली.

अशा माणसाचा धंदा चालायला हवा होता. तो चालत नसे, कारण दाजी घाई करत नसत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते त्याच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसायचे आणि गप्पा सुरू करायचे. बैल कसे आहेत, ज्वारी किती वितीवर आली, सून माहेराहून आली का. अर्धा अर्धा तास हे चालायचं. माणूस कंटाळून म्हणायचा, अहो, काढा ना फोटो. दाजी शांतपणे सांगायचे, “बसा. अजून चेहरा आला न्हाई.” जणू चेहरा म्हणजे परगावाहून बैलगाडीनं येणारा कुणी पाहुणा होता आणि वाटेत ओढ्याला पाणी आलं होतं. काही जणांचा चेहरा अखेरपर्यंत यायचा नाही. मग दाजी त्यांना सरळ सांगत, पुढच्या बाजारी या. त्यातून कुणी उसना कोट घालून, उसनं घड्याळ खिशाला अडकवून आला, तर विचारायलाच नको. “कोट उसना, घड्याळ उसनं,” दाजी म्हणायचे, “मग चेहराबी कुणाचातरी उसना आणायचा व्हता. मला तकलीफ तरी कमी झाली असती.” माणूस तणतणत निघून जायचा आणि नांदेडला जाऊन उसन्या घड्याळासकट फोटो काढून यायचा.

अशानं झालं काय, की दाजींकडे परत न पाठवता येणारं एकच गिऱ्हाईक उरलं, ते म्हणजे मेलेलं. कुणाचा बाप गेला, कुणाची आई गेली की माणसं धावत यायची, न्यायच्या आत एक फोटो घ्या, घरात एकही नाही. दाजी कधी नाही म्हणाले नाहीत. घोडी खांद्यावर टाकून जायचे, गेलेल्या माणसाचा फेटा स्वतःच्या हातानं नीट करायचे, आणि तिथंही उजेड पाहायचे. पण त्यामुळे गावाला सवय अशी लागली, की दाजी घोडी घेऊन गल्लीत वळले की बाया दारात येऊन एकमेकींना विचारत, कोण गेलं? एकदा ते आमच्या ओळखीतल्या एका आजारी म्हाताऱ्याला पाहायला गेले. हातात कॅमेरा नव्हता, चार मोसंब्या होत्या. म्हातारा तीन दिवस डोळा उघडत नव्हता. त्यानं दाजींना उंबऱ्यात पाहिलं आणि तो खाटेवर उठून बसला. “मी अजून गेलो न्हाई,” तो म्हणाला, “माघारी जा.” तो म्हातारा नंतर पुष्कळ वर्षं जगला. दाजी ही गोष्ट फार अभिमानानं सांगत. पण सांगून झाल्यावर म्हणत, “मास्तर, एकदा भिंतभर जित्या माणसांचे फोटो लावायचेत मला.” मास्तर म्हणजे मी. हिंगोलीच्या एका खासगी मराठी शाळेत मी शिकवत असे, आणि अजून शिकवतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी दाजींच्या थोरल्या भावानं निर्वाणीचं सांगितलं. त्याची धान्याची अडत होती. दिवाळीपर्यंत वाट पाहीन, तो म्हणाला. तोवर जिती गिऱ्हाइकं आली नाहीत तर ती पेटी ट्रंकेत घाल आणि अडतीवर येऊन बस. दाजी एवढंच म्हणाले, बरं. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि अक्कानं मला बोलावून घेतलं. तू शिकलेला आहेस, ती म्हणाली, गिऱ्हाईक कसं आणायचं ते तुला ठाऊक असेल. मला काहीच ठाऊक नव्हतं; पण मास्तरला हे कबूल करता येत नाही.

मी आधी जाहिराती छापल्या. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू, आणि मधे कॅमेऱ्याचं चित्र. कळमनुरीच्या बाजारात त्या वाटल्या. पुढच्या बाजारी गेलो तेव्हा भजीवाला त्याच कागदात भजी बांधून देत होता आणि मला म्हणाला, मास्तर, कागद चांगला होता, तेल पीत नाही, अजून आहेत का? मग मी दवंडी द्यायचं ठरवलं. दवंडीवाल्याला मजकूर मीच पढवला. फलाण्या ठिकाणी बायकापोरांसकट यावं, खुर्चीत बसावं, हलू नये, एका मिनिटात काम होतं, दुखत नाही. हे शेवटचं वाक्य मी विश्वास वाटावा म्हणून घातलं होतं. दवंडी फिरली आणि अर्ध्या तासात गावातली सगळी पोरं कणगीत, माळ्यावर, गोठ्यात गडप झाली. देवी टोचणारे आले असा बोभाटा झाला होता. माझ्या वर्गात त्या दिवशी दोन मुलं होती. एक बहिरं होतं आणि दुसरं अडतवाल्या भावाचं. दाजी या सगळ्यावर रागावले नाहीत. ते म्हणाले, “कागद अन् डफडं जाऊ द्या, मास्तर. एक चांगला चेहरा दारात टांगू. त्याला पाहून बाकीचे येतील.”

तो चेहरा त्यांनी शोधला शिरड शहापूरला. तिथले पाटील म्हणजे सगळ्या टापूत माहीत असलेला माणूस. मिशा कानापर्यंत, आवाज शिवेपर्यंत. दाजी तीनदा शिरडला गेले. पहिल्या दोन वेळा त्यांनी कॅमेरा गाडीतून उतरवलाही नाही. विहिरीवर बसून पाटलांशी बैलांच्या गोष्टी केल्या. पाटलांनी शेवटी विचारलं, “तुमी फोटो काढायला येऊन राहिले का सोयरीक करायला?” तिसऱ्या वेळी मी बरोबर होतो. पाटील मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळ टेकले होते, जरीचा फेटा बांधून, शिक्षा ऐकायला उभ्या असलेल्या माणसासारखं तोंड करून. तेवढ्यात मागून त्यांच्या लाडक्या बैलानं फेट्याचा शेव तोंडात धरला आणि चघळायला सुरुवात केली. पाटील वळले, त्यांनी बैलाकडे पाहिलं आणि ते हसले. भर उन्हात आठ मोजावे लागत नाहीत. दाजींनी टोपी काढली न काढली तोच लावली.

हैदराबादेहून त्या काचेवरून मोठा फोटो करून आणला तेव्हा अक्का हातातलं काम टाकून आली. त्या काळी फोटोत कुणी हसत नसे. हा माणूस असा हसत होता की पाहणाऱ्याचेही ओठ हलावेत. पाटलीणबाईंनी तो पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्याकडं पाहून तर हे कधी असे हासले न्हाईत.” सागवानी चौकट करून तो फोटो दाजींनी दुकानाच्या दारावर टांगला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. ती दसऱ्याच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती, आणि दसऱ्याला हिंगोलीत चारी दिशांनी माणूस लोटतो. दिवाळीला वीस दिवस उरत होते. सगळं त्या एका दिवसावर होतं, हे दाजींना, अक्काला आणि मला ठाऊक होतं.

दसऱ्याच्या सकाळी हत्यारांची पूजा असते. सुतार पटाशीला हार घालतो, शेतकरी औताला, आणि आमच्याकडे कॅमेऱ्याला. दरवर्षी ही पूजा अक्का करायची. त्या दिवशी तिनं झेंडूच्या माळा ओवून ताटात ठेवल्या आणि ती पुरण वाटायला आत गेली. दाजी उजाडताच मैदानावर गेले होते, रोशनी कुठे चांगली पडते ते पाहायला. मी शाळेतल्या पाटीपूजेला चाललो होतो. वाटेत डोकावलो, ताट पाहिलं आणि म्हटलं, अक्काचा भार हलका करू. एक माळ कॅमेऱ्याला घातली, एक घोडीला, एक खुर्चीला, एक दुकानाच्या पाटीला. हंसालासुद्धा दोन फुलं लावली. आणि सगळ्यांत लांब, सगळ्यांत भरगच्च माळ उरली. समोर पाटील हसत होते आणि त्यांचा गळा मोकळा होता. मी स्टुलावर चढलो आणि ती माळ त्यांना घातली. हात मास्तरचा, अर्धवट काम सोडवत नाही, म्हणून काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचं बोट लावलं आणि खाली केळ्यात उदबत्ती खोचली. हार घातलेल्या फोटोचा अर्थ काय होतो हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. माहीत होतं. पण त्या घटकेला तो मला फोटो वाटलाच नाही. कॅमेरा, घोडी, खुर्ची यांच्या रांगेतली दुकानातली एक वस्तू वाटली. दोन पावलं मागे होऊन मी आरास पाहिली, ती मला फार आवडली, आणि मी शाळेत गेलो. मी येऊन गेल्याचं आत अक्कालाही कळलं नव्हतं.

पुढचं मला नंतर दहा तोंडांनी ऐकायला मिळालं. शिरडकडच्या पहिल्या गाडीतला शेतकरी फोटोसमोर उतरला, त्यानं पायातलं काढलं, हात जोडले आणि डोळे पुसत मैदानाकडे जायचं सोडून गाडी माघारी वळवली. मग दोन बाया रस्त्यात बसून रडू लागल्या. मग पाटलांची कळमनुरीला दिलेली लेक नवऱ्याबरोबर जत्रेला आली, तिनं मान वर केली आणि तिची शुद्ध गेली. दाजी मैदानावरून परतले ते या गर्दीत. तोवर बातमी त्यांच्यापुढे चार कोस पळाली होती. तिकडे शिरडला पाटील पुरणपोळीवर तूप ओतून घेत होते, आणि वेशीतून त्यांच्या लेकीचा हंबरडा ऐकू आला. दिवेलागणीपर्यंत पाटलांच्या ओसरीवर आपट्याचं सोनं द्यायला आलेली आणि दुखवट्याला आलेली माणसं एकाच जाजमावर बसली होती. दुखवट्यावाल्यांना पाटलांनी स्वतः पान दिलं. एक चुलत पुतण्या म्हणे गावाबाहेरूनच परत गेला, कारण तो येताना पाटीलकीचा नवा फेटा बांधून आला होता.

दुसऱ्या दिवशी पाटील हिंगोलीला आले. बरोबर चार माणसं होती. ते दारात उभे राहिले आणि हार घातलेल्या स्वतःकडे पाहू लागले. मी आत होतो, पडद्याच्या मागे, हंसाच्या अगदी पाठीशी. पाटलांनी आवाज चढवला नाही.

“फोटोवाले, ह्यो हार कुणी घातला?”

दाजींनी हाराकडे पाहिलं. मग त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. तिथं अक्का पदर तोंडाला लावून उभी होती.

“माझ्या हातून झालं, पाटील,” दाजी म्हणाले. “लई चुकलं.”

“मी आजवर कुणाला भ्यालो न्हाई,” पाटील म्हणाले. “पण काल वेशीतून लेकीचं रडणं ऐकलं, अन् मलाच वाटलं, आपून गेलो का काय.”

त्यांनी स्टुल ओढलं, फोटो स्वतःच काढून घेतला, हार उतरवून खुर्चीवर ठेवला आणि चौकट काखेत मारली. फोटो झकास आहे, ते म्हणाले, पण तुमच्या दारात ठेवायचा नाही. आणि ते गेले. पडद्यापासून दाजींपर्यंत तीन पावलं होती. ती तीन पावलं मी टाकली नाहीत. त्याच आठवड्यात फळ्यावर ‘खरे बोलावे’ असं मी चौथीच्या मुलांकडून वीस वेळा लिहून घेतलं होतं.

दाजींकडे फोटो काढला की दसऱ्याला हार पडतो, ही म्हण दिवाळीच्या आत झाली. कॅमेरा ट्रंकेत गेला आणि दाजी अडतीवर. तिथंही त्यांनी ज्वारीच्या राशी अशा हलवल्या की दाण्यावर सकाळची रोशनी पडावी, आणि खरेदीदाराला भाव सांगायच्या आधी ते त्याची हनुवटी पाहू लागले. भाऊ डोक्याला हात लावायचा. कॅमेरा बाहेर निघायचा तो फक्त कुणी गेलं तर.

अक्काची जीभ तशी तिखट. दाजींनी मीठ विसरावं, छत्री विसरावी, लग्नघरी दुसऱ्याचाच आहेर देऊन यावा. ती प्रत्येक गोष्ट वर्षभर उगाळायची. पण हाराविषयी सात वर्षांत ती एक शब्द बोलली नाही. दाजीही तसेच, तिच्या प्रत्येक टोमण्याला उत्तर तयार, पण ‘तू तो हार घातलास’ असं कधी म्हणाले नाहीत. मला हळूहळू कळलं. दाजींना वाटत होतं हार अक्कानं घातला, पूजा तीच करायची. अक्काला वाटत होतं दाजींनी घातला, ते कबूल झाले होते. दोघंही एकमेकांची चूक पदराखाली झाकून संसार करत होते, आणि ज्याची चूक होती तो मी दर शुक्रवारी, हैदराबाद राज्यात शाळेला सुट्टी असे त्या दिवशी, त्यांच्या पंगतीत बसून दोनदा भात मागून घेत होतो. दर दसऱ्याला मी ठरवायचो, सोनं देताना सांगून टाकायचं. दर दसऱ्याला आपट्याचं पान देऊन, पाया पडून परत यायचो.

लढाई संपली त्या थंडीत शिरडचे पाटील खरोखरच गेले. फोटोला दाजींना बोलावणं आलं नाही. आम्ही दोघं भेटायला गेलो. ओसरीवर तोच फोटो होता, त्याच सागवानी चौकटीत, आणि त्याला झेंडूचा हार. दाजी खाली पाहत उभे राहिले. मी त्या ओसरीवर येणारी माणसं पाहत होतो. माणूस वेशीपासून रडत यायचा, उंबरा ओलांडून मान वर करायचा, आणि पाटील असे हसत असायचे की त्या माणसालाही ओल्या डोळ्यांनी हसू फुटायचं. पाटलांची ती लेक बाहेर आली. मला वाटलं आता ती बोलणार. “काका,” ती दाजींना म्हणाली, “बाबांनी हा फोटो आतल्या खोलीत ठेवला व्हता. कुणी पाहुणा आला की दाखवायचे. म्हणायचे, मागल्या बारीला मेलो तवा मी असा दिसत व्हतो.” मग तिनं डोळे पुसले. “आता आमच्या घरातल्या सगळ्यांचे काढा. असेच. जित्यापणी काढा.”

तेराव्यापर्यंत त्या ओसरीवर सगळा टापू येऊन गेला, आणि प्रत्येकानं तो फोटो पाहिला. महिन्याभरात दाजींच्या दारात बैलगाड्या येऊन थांबू लागल्या. जाहिरातीनं आली नाहीत, दवंडीनं आली नाहीत, ती माणसं हार घातलेला फोटो पाहून आली. म्हातारे आले, नव्या सुना आल्या, एक जण बैल घेऊन आला आणि म्हणाला, ह्याला फेटा खाता येतो, पाटलांसारखा काढा. ट्रंक उघडली. अडतवाला भाऊ स्वतः बायकोला घेऊन फोटोला बसला. आणि दाजी पूर्वीसारखेच निम्म्यांना सांगत होते, बसा, अजून चेहरा आला न्हाई. पण आता माणसं बसत होती.

एका शुक्रवारी जेवताना दाजी खुशीत होते. “तो हार ज्या हातानं घातला,” ते म्हणाले, “तो हात शुभ निघाला.” आणि त्यांनी वाढणाऱ्या अक्काकडे प्रेमानं पाहिलं. अक्काला वाटलं हे स्वतःचीच पाठ थोपटून घेताहेत. “व्हय, लईच शुभ,” ती म्हणाली आणि भाजी वाढली. चूक गोड निघाल्यावर ती कबूल करणं फार अवघड असतं. माफी मागायला जावं आणि शाबासकी मिळावी अशी भीती असते. मी पुन्हा गप्प बसलो असतो. पण दाजी हात धुताना म्हणाले, सगळ्या हिंगोलीचे फोटो झाले, मास्तर, तुमचाच राहिला, चला, बसा.

सात वर्षं मी हे टाळत आलो होतो. सर्दी झाली होती, मानेला गळू होतं, कोट शिवायला टाकला होता. खरं कारण एवढंच की दाजी अर्धा तास चेहऱ्याकडे पाहतात. त्या दिवशी कारण सुचलं नाही. मी खुर्चीत बसलो. मागे हंस होता. दाजी मोड्यावर बसले आणि गप्पा सुरू झाल्या, शाळेच्या, पोरांच्या, माझ्या दुखऱ्या गुडघ्याच्या. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला.

“चेहरा येईना, मास्तर,” ते म्हणाले. “दाराबाहेर थांबलाय. आत काहून येईना?”

असेल तसा काढा, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, फडक्यात गेले, बाहेर आले, काच बसवली. हलू नका, म्हणाले, आणि टोपी काढली. एक. दोन. तीन. मला माहीत होतं, आठ होईपर्यंत ते मला अडवणार नाहीत, उत्तर देणार नाहीत आणि माफही करणार नाहीत.

“दाजी,” मी म्हणालो, “पाटलांना तो हार मी घातला. अक्कानं नाही.”

“चार.”

“तुम्ही माझ्यासमोर दोष घेतलात आणि मी पडद्यामागं उभा राहिलो. हाराची माफी मागत नाही. गप्प बसलो त्या सात वर्षांची मागतो. मला माफ करा.”

“पाच,” दाजी म्हणाले. सहा म्हणाले. सात आणि आठ यांच्यामध्ये एवढा वेळ गेला की तेवढ्यात आणखी एक फोटो निघाला असता. मग त्यांनी टोपी लावली.

आतल्या दारात अक्का उभी होती, दोन्ही हात पिठाचे. “म्हणजे तुमी न्हवता घातला?” तिनं दाजींना विचारलं.

“मला वाटलं, तू,” दाजी म्हणाले.

“मग सात वर्षं बोलला काहून न्हाई?”

“तू तरी कुठं बोलली?”

अक्का उंबऱ्यावर बसली आणि हसू लागली. हसता हसता डोळे पुसू लागली तसं सगळं पीठ तोंडाला लागलं. खिडकीतली तिरपी रोशनी नेमकी तिच्यावर पडली होती. “हलू नको,” दाजी सवयीनं म्हणाले, आणि त्यांचा हात काचांच्या पेटीकडे गेला. पेटी रिकामी होती. शेवटची काच माझ्यावर खर्च झाली होती. ते तसेच उभे राहून तिच्याकडे पाहत राहिले, आणि मला वाटतं त्यांनी मनात आठ मोजले.

पुढच्या शुक्रवारी जेवण झाल्यावर त्यांनी माझा फोटो हातात दिला. कोटाची बटणं मोजता येतात. हंसाचा डोळा स्वच्छ आहे. माझं कपाळ, नाक, चष्मा, सगळं जागच्या जागी आहे. फक्त नाकाखाली, ओठ असायला हवेत तिथं, थोडा धूर आहे.

“दुसरा काढू का?” दाजींनी विचारलं.

मी नको म्हटलं.

“बराबर,” ते म्हणाले. “चेहरा ह्याच्यातच आला.”

तो फोटो माझ्या खोलीत आहे. शाळेतली पोरं घरी आली की त्याच्यासमोर थांबतात आणि विचारतात, मास्तर, तुमचं तोंड कुठं गेलं? मी त्यांना खरं ते सांगतो. ते तेव्हा माफी मागत होतं.